क्रियापद नेमकं कुणाचं ऐकतं? प्रयोगाचे प्रश्न का चुकतात त्याबद्दल

लातूरकडच्या एका परीक्षार्थीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: 'तलाठी भरतीला दोनदा बसलो. प्रयोगांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत, तरी पाचातले तीन प्रश्न चुकतात. "शिक्षकांनी मुलांना गोष्ट सांगितली" याला मी भावे म्हटलं, चुकलं. "मी चहा प्यालो" याला कर्मणी म्हटलं, तेही चुकलं. "रामाला आंबा आवडतो" याचं उत्तर दोन पुस्तकांत दोन तऱ्हेचं आहे. आणि वाक्य शुद्ध करा म्हटलं की मला जे बरोबर वाटतं नेमकं तेच चूक निघतं. एखादा पक्का नियम सांगा.'

मी गेली सोळा-सतरा वर्षं स्पर्धा परीक्षांच्या मुलांना मराठी व्याकरण शिकवते. हा प्रश्न दर बॅचला कुणीतरी विचारतंच. व्याख्या पाठ असूनही उत्तर चुकतं, याचा अर्थ अडचण व्याख्येत नाही. तुम्ही वाक्याचा अर्थ बघून प्रयोग ठरवताय. 'सांगितली, म्हणजे सांगणारे शिक्षक महत्त्वाचे', 'मुलांना प्रत्यय आहे, म्हणजे भावे', अशी मनातल्या मनात वकिली चालते. प्रयोगाला अर्थाशी फारसं देणंघेणं नसतं. क्रियापद वाक्यातल्या कुठल्या शब्दाप्रमाणे लिंग, वचन, पुरुष बदलतं एवढंच बघायचं. कर्त्याप्रमाणे बदललं तर कर्तरी, कर्माप्रमाणे बदललं तर कर्मणी, कुणाचंच न ऐकता एका रूपात अडून बसलं तर भावे.

इंग्रजीत ही कटकट नाही. तिथे क्रियापद कायम कर्त्याचंच ऐकतं, म्हणून तिथले नियम कर्ता एक की अनेक एवढ्याभोवती फिरतात. मराठीत मात्र काळ बदलला की मालक बदलतो. 'मुलगा पोळी खातो', 'मुलगी पोळी खाते' इथे कर्ता मालक. तेच भूतकाळात गेलं की 'मुलाने पोळी खाल्ली', 'मुलीने पोळी खाल्ली'. मुलगा गेला, मुलगी आली, 'खाल्ली'ला काही फरक पडला नाही. ते आता पोळीकडे बघतंय.

यामागचं सूत्र अगदी साधं आहे. ज्या नामाला विभक्तीचा प्रत्यय लागलेला नाही, क्रियापद त्याच्याकडे जातं. आधी कर्त्याचं दार वाजवायचं. कर्ता प्रत्ययाशिवाय असला तर काम झालं, कर्तरी. कर्त्याला 'ने' किंवा 'नी' लागून दार बंद असलं तर कर्माकडे जायचं. कर्म मोकळं असलं तर कर्मणी. तिथेही 'ला' किंवा 'स' लागलेला असला, किंवा कर्मच नसलं, तर क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात बसून राहतं. 'रामाने रावणास मारले.' 'मुलांनी रांगेत उभे राहावे.' हा भावे. हिंदीतही असंच चालतं, फक्त तिथे अडलेलं क्रियापद पुल्लिंगी एकवचनात थांबतं, कारण हिंदीत नपुंसकलिंगच नाही.

मी वर्गात याच्यासाठी चिठ्ठ्या वापरते. फळ्यावर 'मुलाने ___ खाल्ल' एवढं लिहिते आणि रिकाम्या जागेवर एकेक चिठ्ठी धरते. भात: खाल्ला. पोळी: खाल्ली. वरण: खाल्लं. लाडू, तेही चार: खाल्ले. पोळ्या: खाल्ल्या. फळं: खाल्ली. मग 'मुलाने' पुसून 'मुलींनी' लिहिते आणि त्याच सहा चिठ्ठ्या परत फिरवते. एकही रूप बदलत नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला मुलगा व्याख्या विसरला तरी कर्मणी विसरत नाही. तुम्ही घरी वहीतही करू शकता, पण चिठ्ठ्या खरंच कापा. मनात केलं की आपण उत्तर आधी ठरवतो आणि मग रूप त्याला जुळवून घेतो.

या चिठ्ठ्यांतच परीक्षेतला सगळ्यात मोठा सापळा दडलाय. वर मी 'वरण खाल्लं' आणि 'लाडू खाल्ले' असं बोलीत लिहिलंय. प्रश्नपत्रिकेत दोन्ही 'खाल्ले' असंच छापलेलं असतं. म्हणजे छापील 'ले' हा तीन वेगळ्या माणसांनी घातलेला एकच सदरा आहे. 'त्याने लाडू खाल्ले' यात तो पुल्लिंगी अनेकवचन. 'त्याने पुस्तक वाचले' यात नपुंसकलिंगी एकवचन आणि पुस्तकाप्रमाणे, म्हणून कर्मणी. 'त्याने चोराला पाहिले' यात नपुंसकलिंगी एकवचन, पण कुणाप्रमाणेच नाही, म्हणून भावे. 'वाचले' आणि 'पाहिले' दिसायला सारखेच, म्हणून मुलं पुस्तकाच्या वाक्यालाही भावे ठोकून देतात. उपाय सोपा आहे. कर्माच्या जागी स्त्रीलिंगी शब्द घाला. पुस्तकाऐवजी पोथी: 'त्याने पोथी वाचली.' बदललं, कर्मणी. चोराऐवजी चोरटी: 'त्याने चोरटीला पाहिले.' ढिम्म हललं नाही, भावे. 'ली'चंही तसंच आहे. 'पोथी वाचली' आणि 'पुस्तके वाचली' यांत 'ली' एकच दिसते, पण पहिली स्त्रीलिंगी एकवचनी आणि दुसरी नपुंसकलिंगी अनेकवचनी.

आता तुमचं पहिलं वाक्य. 'शिक्षकांनी मुलांना गोष्ट सांगितली.' तुम्हाला 'नी' दिसला, मग 'ना' दिसला, दोन्ही दारं बंद वाटली आणि तुम्ही भावे लिहून मोकळे झालात. पण 'मुलांना' हे इथे मुख्य कर्म नाही. कर्म शोधताना नेहमी आधी 'काय?' विचारायचं आणि 'कुणाला?' नंतर. काय सांगितली? गोष्ट. गोष्टीला प्रत्यय नाही, क्रियापद तिच्याकडे गेलं. गोष्टीऐवजी 'किस्सा' घाला: 'शिक्षकांनी मुलांना किस्सा सांगितला.' झालं, कर्मणी. देणे, सांगणे, शिकवणे, विचारणे, दाखवणे या क्रियापदांत दोन कर्मं असतात आणि प्रश्न काढणारे मुद्दाम व्यक्तीवाचक कर्म आधी ठेवतात. 'काय'चं उत्तरच मिळालं नाही, फक्त 'कुणाला'चं मिळालं, तरच भावेचा विचार करायचा. 'शिक्षकांनी मुलांना बोलावले.' काय बोलावले? उत्तर नाही. भावे.

एका प्रत्ययाने प्रयोग कसा उलटतो ते बैलावर बघा. 'शेतकऱ्याने बैल बांधला.' कर्मणी. 'शेतकऱ्याने बैलाला बांधले.' भावे. अर्थ जवळपास तोच, शेतकरी तोच, दावणही तीच. माणसांच्या बाबतीत मराठी 'ला' सोडायला सहसा तयार नसते, वस्तूंच्या बाबतीत सहसा लावत नाही, आणि जनावरं मधल्या मध्ये. म्हणून पेपरात बैल, गाय, कुत्रा दिसला की प्रत्यय दोनदा बघा.

दुसरं वाक्य, 'मी चहा प्यालो.' इथे दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात, त्या सोडवायला हव्यात. पहिली 'मी'ची. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी मुलांना सरळ सांगायचे, 'ने दिसला की कर्तरी नाही, ने नाही दिसला की कर्तरी.' एकदा एक मुलगी पेपर घेऊन आली. 'मी पुस्तक वाचले' या वाक्याला तिने कर्तरी लिहिलं होतं, कारण 'मी'ला प्रत्यय दिसत नाही. माझ्याच नियमाने तिचं उत्तर बरोबर होतं आणि उत्तरतालिकेने चूक. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही, 'ते तसंच असतं' म्हणून वेळ मारून नेली. घरी जाऊन विचार केल्यावर लक्षात आलं की मी, आम्ही, तू, तुम्ही यांची प्रथमा (प्रत्ययाशिवायचं रूप) आणि तृतीया ('ने'-'नी'चं रूप) दिसायला एकच आहे. हिंदीत 'मैं' आणि 'मैंने' वेगळे दिसतात, मराठीत 'मी' दोन्हीकडे 'मी'च. म्हणून 'मी'चं वाक्य आलं की त्या जागी 'तो' आणि 'त्याने' दोन्ही ठेवून बघायचं. 'तो पुस्तक वाचले' बसत नाही, 'त्याने पुस्तक वाचले' बसतं. म्हणजे हा 'मी' तृतीयेतला, प्रयोग कर्मणी. 'मी गावी गेलो' याला 'तो गावी गेला' बसतं, म्हणून कर्तरी. तेव्हापासून वर्गात 'मी'चं वाक्य आलं की कुणीतरी आपोआप 'तो की त्याने?' असं ओरडतं.

आता हीच कसोटी तुमच्या चहाला लावा. 'तो चहा प्याला.' बसलं. 'त्याने चहा प्याला' नाही बसत. म्हणजे कर्तरी, आणि चहा हे कर्म आहे म्हणून सकर्मक कर्तरी. भूतकाळ आणि कर्म असूनही क्रियापद कर्त्याला चिकटून राहतं, अशी मराठीत थोडी क्रियापदं आहेत. पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे, समजणे, नेसणे, चावणे, डसणे ही रोजची. 'ती धडा शिकली.' 'तो माझं नाव विसरला.' 'आजी नऊवारी नेसली.' 'कुत्रा पोस्टमनला चावला.' ही यादी पाठच करावी लागते, कारण नियमात बसत नाही म्हणूनच ती परीक्षेत येते. पण यादीत एकेक धातू बघावा लागतो. 'म्हणणे' घ्या. 'ती म्हणाली' हे कर्तरी, आणि 'तिने गाणं म्हटलं' हे कर्मणी. एकच धातू, दोन रूपं, दोन प्रयोग. 'जिंकणे'ही दोन्हीकडे जातं: 'आपला संघ जिंकला' आणि 'आपल्या संघाने सामना जिंकला.'

'तू'च्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. 'तू पोळी खाल्लीस.' पोळीऐवजी भात घातला तर 'खाल्लास', म्हणजे क्रियापद कर्माचं ऐकतंय. पण शेवटचा तो 'स' कुणाचा? तो 'तू'चा. एकाच क्रियापदाने दोघांना सांभाळलंय. म्हणून याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात. पर्यायांत 'संकर' शब्द असेल तर तोच निवडा. नसेल तर कर्मणी.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: आधी 'काय' विचारून कर्म शोधा, 'मी-तू' असेल तर 'तो की त्याने' ठेवून बघा, मग कर्ता आणि कर्म एकेक करून बदला आणि क्रियापद हलतं का ते पाहा. बदलताना एक काळजी घ्या. भविष्यकाळात क्रियापद लिंग दाखवतच नाही. 'तो येईल', 'ती येईल' सारखंच. तिथे लिंग बदलून काही कळणार नाही, वचन बदला: 'ते येतील'. ही चूक हुशार मुलंही करतात, क्रियापद हललं नाही म्हणून भावे लिहून येतात.

विध्यर्थाला तर कसोटी अगदी झकास लागते. 'त्याने अभ्यास करावा', 'त्याने मेहनत करावी': कर्मणी. 'त्याने लवकर निजावे', 'तिने लवकर निजावे': भावे. 'पाहिजे' असलेली वाक्यंही अशीच सोडवायची. 'त्याने अभ्यास केला पाहिजे' कर्मणी, 'त्याने गेले पाहिजे' भावे. जाता जाता सांगते, हे 'पाहिजे' स्वतःच जुन्या कर्मणीचा उरलेला तुकडा आहे. संतांच्या काव्यात 'कीजे', 'बोलिजे' अशी रूपं येतात, त्यातला 'इज' म्हणजे प्राचीन कर्मणीची खूण. 'म्हणजे' हा शब्दही त्याच घरातला. पेपरात ओवीची ओळ दिली आणि तिच्यात असा 'ज' दिसला की डोळे झाकून प्राचीन कर्मणी म्हणायला हरकत नाही.

कर्मणीचे बाकीचे उपप्रकार मला फार अवघड वाटत नाहीत. 'त्याची गोष्ट लिहून झाली' यात काम संपल्याचं सांगितलंय, म्हणून समापन. 'त्याच्याने काम करवते' यात ताकद सांगितलीय, म्हणून शक्य. 'चोर पोलिसांकडून पकडला गेला' हे इंग्रजी वळणाचं वाक्य, म्हणून नवीन कर्मणी. काही पुस्तकं त्याला कर्मकर्तरी म्हणतात. 'आज लवकर उजाडलं', 'मला मळमळतं' यांत कर्ताच सापडत नाही, म्हणून भावकर्तरी किंवा अकर्तृक भावे. नावं दोन असली तरी वस्तू एकच.

तिसरं वाक्य बाजूला ठेवते, कारण ते खरंच पुस्तकावर अवलंबून आहे. आधी तुमची 'शुद्ध वाक्य' वाली तक्रार घेऊ.

तुम्ही लातूरकडचे आहात हे वाचल्यावरच मला अंदाज आला होता. तुमच्याकडे, सोलापूरकडे, नांदेडकडे 'मी काम केलो', 'मी त्याला सांगितलो', 'मी पिक्चर पाहिलो' असं सर्रास बोलतात. कानडीचा शेजार आहे. कानडीत भूतकाळातही क्रियापद कर्त्याचंच ऐकतं, तेच वळण बोलीत आलं. बोली म्हणून त्यात काही चूक नाही. कोल्हापूरकडच्या मुली 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, त्यातही चूक नाही. मी स्वतः 'मी आले' म्हणते, माझी कोल्हापूरची मैत्रीण 'आलो' म्हणते, आणि आमचं तीस वर्षं उत्तम चाललंय. पण परीक्षा प्रमाण मराठीची आहे आणि तिथे 'मी काम केले' हवं. म्हणजे तुमची अडचण नियम न कळण्याची नाही, कानाची आहे. कान सांगेल ते उत्तर तुम्हाला देता येणार नाही. पुण्याच्या मुलाला कधीकधी देता येतं, हा अन्यायच आहे म्हणा. पण त्याचा कानही पुढे सांगते तिथे त्याला दगा देतो, तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नका.

'शकणे' बघा. 'त्याने काम करू शकले नाही.' हे वाक्य मी शिकलेल्या लोकांच्या अर्जांत वाचते. मूळ वाक्य 'त्याने काम केले नाही' असं डोक्यात असतं, त्यात 'शकणे' घुसवलं की 'त्याने' तसाच राहून जातो. 'शकणे' अकर्मक आहे, ते 'ने' घेत नाही. बरोबर वाक्य 'तो काम करू शकला नाही.' 'लागणे'चंही तेच: 'ती स्वयंपाक करू लागली.' दोन क्रियापदं एकत्र आली की शेवटच्याचा स्वभाव बघायचा, पहिल्याचा नाही. मात्र 'लागणे' सक्तीच्या अर्थाने आलं की कर्त्याला 'ला' येतो आणि क्रियापद कर्माकडे जातं: 'त्याला मेहनत करावी लागली', 'त्याला अभ्यास करावा लागला.'

दोन कर्ते 'आणि'ने जोडले की क्रियापद अनेकवचनी. दोन्ही स्त्रिया असल्या तर 'आई आणि मावशी आल्या.' एक पुरुष आणि एक स्त्री असली तर आज आपण पुल्लिंगी अनेकवचन वापरतो, 'भाऊ आणि बहीण आले.' जुन्या वळणात इथे नपुंसकलिंगी अनेकवचन येतं, 'नवरा-बायको आली', आणि घरात अजूनही असं बोलतात. तेही बरोबर आहे. 'भाऊ आणि बहीण आली' हे वाक्य पर्यायात दिसलं तर ते लगेच चूक ठरवू नका, आधी बाकीचे पर्याय बघा. वस्तू असल्या तर क्रियापद शेजाऱ्याचं ऐकतं: 'पाटी आणि पुस्तक हरवलं', उलट लिहिलं तर 'पुस्तक आणि पाटी हरवली'. 'किंवा' असेल तर माणसांनाही शेजाऱ्याचा नियम: 'राम किंवा सीता आली.' पुरुषांची सरमिसळ झाली तर 'मी' सगळ्यांवर भारी, त्याखालोखाल 'तू': 'मी आणि तो जाऊ', 'तू आणि ती जाल'.

'पैकी' आणि 'प्रत्येक' ही जोडगोळी परीक्षेत नेहमी येते. 'त्या मुलींपैकी एक पास झाली', 'झाल्या' नाही. क्रियापद 'एक'चं आहे, जवळ दिसणाऱ्या 'मुलीं'चं नाही. 'प्रत्येकजण आपापल्या घरी गेला', 'गेले' नाही. 'लोक' हा शब्द पुल्लिंगी अनेकवचनी, म्हणून 'लोक आले'. 'लोकं आली' आपण बोलतो, मीही बोलते, लिहायचं मात्र नाही. 'जमाव पांगला', 'समिती आली' हे समूह असूनही एकवचनी. आणि 'मला चार पुस्तके पाहिजे' नाही, 'पाहिजेत'.

आदरार्थी बहुवचनावर मला नेहमी गंमत वाटते. 'बाबा आले', 'सर आले', 'बाई आल्या', पण 'आई आली', 'आजी आली'. जिच्यावर सगळ्यात जास्त जीव, तिला एकवचन. परीक्षेत 'आई आल्या' असा पर्याय दिला तर गोंधळू नका, तो सासूबाईंसाठी ठेवलेला असतो.

लिंगाचं एक सांगायचं राहिलं. क्रियापद कर्माचं ऐकतं म्हटल्यावर कर्माचं लिंग माहीत असायला हवं, आणि काही शब्द दोन्हीकडे चालतात. बाग, वेळ, मजा, ढेकर. 'त्याने ढेकर दिला' आणि 'त्याने ढेकर दिली', दोन्ही ठीक. अशा शब्दांवर वाक्यशुद्धीचा प्रश्न आला तर चूक दुसरीकडे कुठेतरी असते, तिथे शोधा.

आता 'रामाला आंबा आवडतो.' क्रियापद कुणाचं ऐकतंय याबद्दल कुणाचंच दुमत नाही. 'सीतेला आंबा आवडतो', हललं नाही. 'रामाला कैरी आवडते', हललं. म्हणजे क्रियापद आंब्याचं आहे. भांडण एवढंच की आंबा कर्ता की कर्म? जे म्हणतात आवडण्याचा अनुभव रामाला येतो म्हणून राम कर्ता, त्यांच्या मते आंबा कर्म आणि प्रयोग कर्मणी. जे म्हणतात धातूला 'णारा' लावून कर्ता शोधा, त्यांना 'आवडणारा कोण?' या प्रश्नाचं उत्तर आंबा मिळतं आणि प्रयोग कर्तरी ठरतो. व्याकरणकारांचं हे जुनंच आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांचा मोठा ग्रंथ 1911 साली आला, आणि प्रयोग किती, त्यांना काय म्हणायचं, यावर सगळ्यांचं एक मत अजून व्हायचंय.

परीक्षेपुरतं मी मुलांना 'णारा'ची कसोटी लावायला सांगते. आजच्या तयारीत बहुतेक जण मो. रा. वाळंबे यांच्या व्याकरणाच्या पुस्तकातली मांडणी वापरतात, आणि तिच्याशी ही कसोटी जुळते. म्हणून 'मला चंद्र दिसतो', 'मला कारले आवडते', 'तिला थंडी वाजते' ही सगळी अकर्मक कर्तरी. उत्तरतालिका वेगळी आली तर हरकत नोंदवायची मुदत असते, तेव्हा नुसतं 'माझं उत्तर बरोबर आहे' न लिहिता पुस्तकाचं पान जोडून हरकत घ्या. तुम्ही म्हणता तसं दोन पुस्तकांत दोन उत्तरं असतील तर तयारीसाठी एकच धरा आणि दुसरं परीक्षा होईपर्यंत कपाटात ठेवा. दोन पुस्तकं उशाशी घेऊन झोपणारी मुलं मी पाहिलीत. ती पर्याय वाचून उत्तर देत नाहीत, कुठल्या लेखकाचा प्रश्न असेल याचा अंदाज करत बसतात.

2023च्या तलाठी भरतीत शंभरपैकी पंचवीस प्रश्न मराठीचे होते आणि प्रत्येकाला दोन गुण. त्यात प्रयोगाचे किती येतील हे पाळीवर अवलंबून, पण प्रयोग आला की वाक्यशुद्धी, विभक्ती आणि काळही सुधारतात, म्हणून याला आठ-दहा दिवस दिलेत तर वाया जाणार नाहीत. रोज वर्तमानपत्रातली दहा वाक्यं घ्या. प्रयोगाचं नाव लिहू नका. फक्त क्रियापदाखाली रेघ मारा आणि ते ज्याचं ऐकतंय त्या शब्दापर्यंत बाण काढा. बाण कुठेच जात नसेल तर क्रियापदाला गोल करा. चार-पाच दिवसांनी नावं आपोआप सुचायला लागतील.

तोवर ही तीन करून बघा. 'आजीने नातवंडांना खाऊ दिला.' 'पोलिसांनी चोराला पकडले.' 'ती माझे नाव विसरली.' पहिल्यात 'ना' बघून घाबरलात तर गोष्टीचं वाक्य पुन्हा वाचा. तिसऱ्यात अडलात तर पिणे, शिकणे, विसरणेची यादी आरशाशेजारी चिकटवा आणि दाढी करताना रोज वाचा.